डेसचा लाल टॅग

३ जून, साउथपोर्ट
इतके महिने घरी माशा मारल्या, अखेर काम मिळालं! समोर समुद्र, बारा मजले, आणि अख्ख्या साइटवर वायरमन मी एकटी. मालक आणि कंत्राटदार कोर्टात भांडत होते म्हणून काम बंद होतं. आता तडजोड होतेय. सुपरवायझर ट्रेव्हर बोलघेवडा आहे. म्हणाला, लीअन, बाई म्हणून सवलत नाही हं. मी म्हटलं, मागितली कोणी? खूश होऊन त्यानं सॉसेज रोल खिलवला. खिशात मावेल अशी ही वहीही आजच घेतली.

५ जून
लिफ्टच्या मुख्य स्विचला कुलूप, त्यावर लाल टॅग. माझ्या आधीच्या वायरमनचं, डेसचं नाव, हसरा फोटो. आमच्या धंद्यात टॅग म्हणजे माणूस आत आहे, वीज सोडायची नाही. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. तो सापडला नाही तर आधी घरी विचारायचं. ट्रेव्हर म्हणाला, वादात त्याची बिलं अडकली, तोंड लपवून पळाला. शुक्रवारी मालकाची माणसं लिफ्ट बघायला येणार, तोड कुलूप. मी तोडलं. घरी विचारलं नाही. नव्या नोकरीत वाकड्यात कोण शिरणार?

६ जून
लिफ्टच्या खालून ठोके येतात. तीन, थांबून तीन. ट्रेव्हर म्हणतो, पाइप वाजतात. पाइप असे दम खात वाजतात?
न राहवून डेसच्या घरी फोन केला. बायको वेंडीनं उचलला. म्हणाली, वाद पेटला त्या दुपारी मालकानं वीज तोडली, दिसेल त्या दाराला साखळी घातली. तेव्हापासून डेस घरी आलेला नाही. ट्रेव्हरनं पोलिसांना सांगितलं, पळाला. मग तिनं हळूच विचारलं, "त्याचा टॅग अजून तिथंच आहे का गं?"
बघून सांगते म्हणत मी फोन ठेवला.

७ जून
स्विचला माझं कुलूप, माझा टॅग. लिफ्टच्या खड्ड्याच्या दाराला बाहेरून साखळी होती, कापली. आत गुडघाभर पाणी. एक बूट — बुटात —
डेसच आहे. हातात पाना. भिंतीवर ठोकून ठोकून पडलेले खळगे. वेंडीला काय सांगू मी?

दार मागे लागलंय. आतून मूठ नाही. फोन लागत नाही.

ठोकतेय. तीन, थांबून तीन. माझ्याबरोबर पाण्यातूनही कुणीतरी —

वर माणसं आलीत. आज शुक्रवार. ट्रेव्हरचा आवाज. मी ओरडले, त्यांना ऐकू जात नाही. त्याचं मात्र सगळं ऐकू येतंय.
"लीअन? पळाली असेल. तोडा कुलूप."

मोटार सुरू झाली. लिफ्ट खाली —