विलायतेचा राजा आणि गोदूचं लग्न

ती. अण्णा यांस,

वासूचा साष्टांग नमस्कार. पत्ता ठाऊक नाही, म्हणून तिकीट लावलेलं नाही.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि आज सकाळी तुमची लेक गोदू माझ्या दारात. "वासुकाका, खानापूरच्या मास्तरांशी लग्न करतेय. तुम्ही नि काकू कन्यादानाला बसाल?" मी म्हटलं, "उद्या सांगतो." साप्ताहिकाचा बातमीदार मी, घाईची सवय नाही. पण खरं सांगू? भ्यालो. विधवेच्या लग्नात बसलो, तर पाठशाळेतली माझी शिकवणी सुटेल, श्राद्धपक्षाची आमंत्रणं बंद होतील. म्हणून आधी तुम्हाला लिहितोय.

तुम्ही शाळेतून पेन्शन घेतल्यावर वडगावातल्या रामाप्पाच्या माग-घरात रोज वर्तमानपत्र वाचायचात. तुम्ही बसलात की चारही माग थांबायचे. काय तो थाट! राष्ट्रसंघाचा ठराव तुम्ही अशा आवाजात वाचायचात, जणू तो तुम्हाला विचारूनच झाला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हे कोणाला कळू दिलंत का? घरी गोदू सगळा अंक वाचून दाखवायची, आणि तो पाठ करून तुम्ही तिथं नुसता कागद समोर धरायचात. एकदा जपानची आगेकूच उलट्या धरलेल्या अंकातून वाचलीत. गुरुतुल्य माणसाची चूक काढू नये, असं शास्त्र आहे. शिवाय मजा येत होती.

तो विलायतेच्या राजाचा दिवस आठवतो? "राजेसाहेबांनी सिंहासन सोडलं," एवढं म्हणून तुम्ही थेट कापसाच्या भावावर गेलात.

"कशापायी सोडलं, मास्तर?" रामाप्पानं विचारलं.

"राजकीय कारणं."

तुम्हाला न्यायला आलेली गोदू दारातून म्हणाली, "अण्णा, एक ओळ राहिली. त्यांना एका बाईशी लग्न करायचंय. तिचे आधी दोन नवरे झालेत, म्हणून."

रामाप्पा हसला. "एवढंच व्हय? आमच्यात बाईचा दुसऱ्यांदा पाट लावत्यात आन् दुसऱ्या दिवशी मागावर बसत्यात. गादी का सोडायची त्यात?" त्याची बायको आतून ओरडली, "त्येच्याकडं माग न्हाय, म्हणून!"

सगळे हसले. तुम्ही अंकाची घडी घातलीत आणि गोदूकडं न बघता उठलात. इटलीनं गिळलेल्या अबिसीनियासाठी डोळ्यांत पाणी आणणारे अण्णा, बाराव्या वर्षी कपाळ पुसलेल्या पोरीसाठी तुमच्याकडं एक ओळ नव्हती?

पण तुम्हाला कोणत्या तोंडानं विचारू? पुढच्याच आठवड्यात गोदूनं मला गाठलं होतं. "अण्णा तुमचं ऐकतात. माझ्या लग्नाचं एवढं बोला ना काका." मी मुद्दाम सायकल काढून आलो. तुम्ही स्पेनच्या यादवी युद्धाचा नकाशा पसरून बसला होतात. माद्रिद पडेल की टिकेल, यावर आपण दोन तास भांडलो. तुम्ही म्हणालात टिकेल, मी म्हणालो पडेल. चहा घेऊन गोदू दोनदा आली नि दोनदा माझ्याकडं बघून गेली. आणि मी काय बोललो? "साखर थोडी कमी घाल गं."

नंतर बोलू, नंतर बोलू, म्हणता म्हणता तुम्ही गेलात. तुम्ही नाही म्हणाला असता की हो, हे तिला आता कधीच कळणार नाही. त्यातला निम्मा दोष माझा.

आज मात्र तिनं तुमचं मत विचारलं नाही. नुसती म्हणाली, "तुम्ही नाही म्हटलं तरी लग्न होईल, काका. पण तिथं माझ्या माहेरचं म्हणून कोणीतरी असावं."

हे वाक्य मी कागदावर उतरवलं आणि माझ्या बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उद्या कशाला? आत्ताच जाऊन सांगा. आणि येताना मुंडावळ्या घेऊन या."

तेव्हा अण्णा, वचन देतो. गोदूच्या लग्नात आम्ही दोघं बसू. भटजींना ऐन वेळी पोटदुखी झाली, तर मंत्र मी म्हणेन. एवढं संस्कृत अजून शिल्लक आहे. शिकवणी सुटली तर सुटू दे. तुमची परवानगी मागत नाही. बातमीदार आहे, बातमी कळवतो.

तुमचा,
वासू

ता. क. माद्रिद अजून टिकलंय.