नातीसाठी चार सूर

शिंदखेडा

प्रिय हितेंद्र,

अखाजीच्या सणानंतर तुझा फोन चार वेळा वाजला, मी उचलला नाही. पत्रालाही दोन महिने लागले, माफ कर. फोनवर मला रडू येतं, म्हणून कागद घेतला.

गुडघा दुखतो. गॅस बंद केला का, हे तीनदा उठून बघतो. तुझी आई गेल्यापासून घरात दुसरं बघणारं कोण?

तुला सांगितलं नव्हतं, मी चिनी टायपिंग शिकलो. तिकडे चीनमध्ये नात सहा वर्षांची झाली, तिला मराठी येत नाही, आणि तू कधी फोन तिच्या हाती दिला नाहीस. कायम ऑफिसातूनच बोलायचास. वाटलं, भाषेचीच अडचण असेल, ती मीच दूर करतो. शिक्षण सातवी, पण रेल्वेच्या नोकरीत पाट्या वाचून इंग्रजी अक्षरं पक्की झालेली. समाधानच्या टायपिंग क्लासमध्ये गेलो. तो हसला, "आबा, चीनमा दुकान टाकनं शे का?" पण त्याने सेटिंगमध्ये जाऊन चिनी भाषा टाकून दिली. इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की चिनी अक्षरांची रांग येते, त्यातलं आपलं निवडायचं. नातीशी बोलायला मात्र सूर हवेत, चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो, आणि सुरांच्या खुणा काही उमटेनात. वेगळा कीबोर्ड टाकण्यात आठ दिवस गेले. आडवी रेघ म्हणजे सपाट सूर, चढती म्हणजे 'काय रे?' विचारल्यासारखा, खोलगट म्हणजे खाली जाऊन वर, उतरती म्हणजे दटावल्यासारखा. आजोबाला तिकडे 'येये' म्हणतात, त्यातला पहिला 'ये' चढता. खुणांसकट कागद छापून घेतला आणि आरशासमोर म्हणत बसलो.

तू पाठवलेल्या एका फोटोत सूनबाईच्या दुकानाच्या पाटीवर ई-मेलचा पत्ता होता. त्यावर लिहिलं, मी हितेंद्रचा वडील, नातीचा आवाज ऐकायचा आहे.

उत्तर आलं. समाधानने कॉम्प्युटरवरच त्याचं मराठी केलं आणि चहा सांगायला बाहेर गेला. ती लिहिते, माझे सासरे आमच्या लग्नाआधीच वारले. त्यांचा हार घातलेला फोटो घरात आहे, पूर्वजांच्या दिवशी मुलगी त्यापुढे संत्री ठेवते. तुम्ही कोण? ही थट्टा मी नवऱ्याला सांगणार नाही, त्यांना दुःख होईल.

तो फोटो माझ्या निरोपसमारंभातला, भुसावळचा. हार साहेबांनी घातला होता. चीनला जाताना तू तो माझ्याकडून मागून घेतलास, तेव्हा तुझी आई दिवसभर सगळ्यांना सांगत फिरली. आपल्याकडे हार घातलेला फोटो कुणाचा असतो, हे सूनबाईला तूच सांगितलं असणार. यंदा अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांसाठी भरतात ती घागर मी तुझ्या आईच्या नावाने भरली. माझं सगळं तू आधीच उरकलंस.

हे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर टाकतो, घरच्या नाही. सूनबाईला अजून उत्तर दिलेलं नाही. 'मी जिवंत आहे' एवढं चिनीत टाइप करून ठेवलंय. पाठवू की पुसू, हे तू सांग. तशी फार वर्षं उरलेली नाहीत, तुझं म्हणणं आपोआप खरं होईल. त्याआधी कळव.

तुझाच,
आबा