परतीच्या वाटेची यादी

बाबा, तुम्ही लिहिलेली चार पानं माझ्यासमोर टेबलावर आहेत. लाओसच्या डोंगरातल्या ह्मोंग जमातीतला तुमचा मित्र, त्याच्या सगळ्या घरांची यादी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता थोडा वेळ लागतो, पण अक्षर लगेच ओळखू येतं. गावी शाळामास्तर होतात, ते हात लंडनच्या विमानतळाजवळ हाउन्सलोला येऊन विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायला लागले तरी अक्षर मास्तरचंच राहिलं.

ही यादी लिहिली तो शनिवार मला स्वच्छ आठवतो. तुम्ही दोघंही नुकतेच फ्लाइट किचनमधून रिटायर झाला होतात. वीसेक वर्षं ट्रेच्या एकाच सरकत्या पट्ट्यापाशी शेजारी उभे राहिलेले, म्हणून किचनच्या टेबलाशीही समोरासमोर न बसता शेजारी बसला होतात. डोक्यावरून विमान गेलं की दोघंही बोलायचं थांबत होतात आणि आवाज सरला की वाक्य तिथूनच पुढे चालू होत होतं. मी शहरातून, पेपरच्या डेस्कवरचा आठवडा संपवून, कपडे धुवायला घेऊन आले होते.

आई ओट्यापाशी ठेचा वाटत होती. ती म्हणाली, "इतके पत्ते कशाला लिहिताय? कुणासाठी स्थळं बघताय की काय?"

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "याच्याचसाठी. जन्मस्थळ."

तो काही न कळता हसला आणि त्याच्या तुटक इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, ते तिखट आणखी द्या. मेल्यावर कोण देणार?"

"शुभ बोला हो," आई मराठीतच म्हणाली आणि त्याच्या भातावर दोन चमचे ठेचा वाढला. मग तुमच्याकडे बघून, "तीस वर्षांत याच एका माणसाला माझ्या हाताची कदर आहे."

मग तुम्ही मला समजावून सांगितलंत. त्यांच्यात माणूस गेला की एक जाणता त्याच्या उशाशी बसून तासन्‌तास गातो. त्याला परतीची वाट सांगतो. शेवटच्या घरापासून निघायचं आणि आयुष्यभर जिथे जिथे राहिलो त्या प्रत्येक ठिकाणी, उलट्या क्रमानं, थांबायचं. तिथल्या देवतेला सांगायचं की या माणसानं तुमचं पाणी प्यायलं, तुमचं सरपण जाळलं, आता याला पुढे जाऊ द्या. असं करत लाओसच्या डोंगरातल्या जन्मघरी पोचायचं, जिथे मधल्या खांबाखाली त्याची जन्माच्या वेळची वार पुरलेली असते. ती सदऱ्यासारखी अंगात घालायची. त्याशिवाय पूर्वज ओळखत नाहीत. मधलं एखादं ठिकाण राहिलं तर तिथली देवता अडवते आणि माणूस तिथेच राहतो.

वाट सांगणारा त्याचा चुलत काका फ्रान्सहून येणार होता. लाओसातली गावं आणि नदीपलीकडची थायलंडमधली निर्वासितांची छावणी त्या काकाला ठाऊक होती. इंग्लंडमधली घरं मात्र कुणालाच सांगता येत नव्हती. बायको गेलेली, मुलगी लहानपणचं विसरलेली. म्हणून तुम्ही.

मी विचारलं की त्यानं स्वतःच का नाही लिहून ठेवलं. तो म्हणाला, "आमचं पुस्तक घोड्यांनी खाल्लं." त्याची आजी सांगायची: फार पूर्वी पळून जाताना लोक नदीकाठी दमून झोपले आणि उठून बघतात तर घोड्यांनी पुस्तक खाऊन टाकलेलं. बायकांना जे आठवलं ते त्यांनी घागऱ्यांवर शिवलं. मिशनऱ्यांनी पुढे रोमन अक्षरांत त्यांची भाषा बसवली, पण तो कधी शाळेत गेला नव्हता. आणि एक तिसरी लिपी होती, त्यांच्यातल्याच एका निरक्षर शेतकऱ्यानं घडवलेली. तिची दोन-तीन अक्षरं त्याला येत होती. ती त्यानं गॅसच्या बिलाच्या पाकिटावर काढून दाखवली. त्या शेतकऱ्याला पुढे मारून टाकलं, असं तो सहज सांगून गेला.

तुम्ही बराच वेळ ते पाकीट बघत होतात. "अक्षरं काढली म्हणून मारलं?"

"लिहिता आलं की लोक एकत्र येतात," तो म्हणाला. "म्हणून."

त्यानंतर तुम्ही पेन बदललंत, हे माझ्या लक्षात आहे. बॉलपेन ठेवून शाईचं काढलंत. लाओसातली नावंही काकाच्या भरवशावर सोडली नाहीत, ती देवनागरीत लिहिलीत. त्यांच्या भाषेत सूर बदलला की शब्दच बदलतो, म्हणून प्रत्येक नावावर चढता-उतरता बारीक बाण काढलात. प्रत्येक नाव वाचून दाखवत होतात आणि तो मान हलवेपर्यंत पुढे जात नव्हतात. तासाभरात जेमतेम सहा ठिकाणं झाली. मी कंटाळून म्हटलं, "बाबा, हे सगळं एका पानात बसेल. द्या, मी टाइप करते."

"तुझ्या पेपरात जागा कमी असते," तुम्ही म्हणालात. "इथे नाही. तो जसा राहिला तसंच लिहायचं."

आवाज चढवला नव्हतात, पण त्याच्यासमोर बोललात म्हणून मला लागलं. मी धुतलेले कपडे घेऊन बाहेर गेले.

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. त्यानंतर दोन हिवाळ्यांनी तो गेला. त्याच्या मुलीचा फोन ऑफिसात आला. "अंकलची लिस्ट तुझ्याकडे आहे ना? काका उद्या फ्रान्सहून बसनं निघतायत, त्यांना आज फॅक्स करायचीय." मी आईकडून पानं मागवून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत टाइप करायला बसले. साउथहॅम्प्टनजवळचं निर्वासितांचं वसतिगृह, तिथून आपल्या घरातली अडगळीची छोटी बॉक्सरूम, मग फेल्टमचा लाँड्रीवरचा फ्लॅट, आणखी दोन-तीन खोल्या. आपला पत्ता दोनदा आला होता. एकदा सुरुवातीला, एकदा फेल्टमनंतर. मी दुसरा गाळला. वर्षानुवर्षं मी हेच काम करत आले आहे, दोनदा आलेलं एकदा ठेवायचं. माझी यादी एका पानात बसली.

अंत्यविधीच्या हॉलमध्ये गाणं सुरू करण्याआधी काकांनी तो कागद समोर धरला आणि मुलीला काहीतरी विचारलं. ती माझ्याकडे वळली. "ते म्हणतायत, आई गेली त्या समरला मी त्यांच्याकडे फ्रान्सला होते. तेव्हा डॅड कुठे होते? इथे काही दिसत नाही."

म्हातारा माझ्याकडे बघत होता. त्याच्या मांडीवर सुतळीचे नवे जोडे होते, मेलेल्याच्या पायात घालायचे. मला चार वाजता पेपरचं पान छपाईला सोडायचं होतं.

"फेल्टमलाच," मी म्हणाले. "यादी पूर्ण आहे."

तिनं ते सांगितलं. त्यानं मान हलवली आणि गायला सुरुवात केली. मी पहिली दोन घरं ऐकली आणि निघाले.

आई शेवटपर्यंत बसली होती. संध्याकाळी तिनं फोन केला. "आपलं नाव एकदाच घेतलं गं त्यांनी," ती म्हणाली. "बायको गेल्यावर त्याला त्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकवेना. तुझे बाबाच घेऊन आले. दीड महिना होता बॉक्सरूममध्ये. पहिले आठ दिवस जेवला नाही." तो बॉक्सरूममध्ये होता तेव्हा मी साउथहॅम्प्टनच्या पेपरात नवी होते. रविवारी फोन व्हायचा, पण तुम्ही काही बोलला नव्हतात आणि मीही विचारलं नव्हतं. आईला मी म्हटलं, बघते. काही बघितलं नाही. काका फ्रान्सला परतले आणि पुढे तेही वारले.

म्हणजे तो उलट्या वाटेनं फेल्टमनंतरच्या खोल्यांपर्यंत आला आणि पुढे आपल्या दारात त्याच्यासाठी कुणी बोललंच नाही. हे मी मानते की नाही, मला ठाऊक नाही. तो मानत होता, आणि तुम्ही त्याच्यासाठी शाईचं पेन काढलं होतंत.

मागच्या आठवड्यात त्याच्या मुलीची मेल आली. ती आता भाषा शिकते आहे, रोमन लिपीतली, आणि मुलांनाही शिकवते. तिला तुमची मूळ पानं हवी आहेत, कुणाकडून तरी वाचून घेईन म्हणते. पानं पाकिटात घालून ठेवली आहेत. बरोबर एक चिठ्ठी आहे. काही करता येत असेल तर ते तिला शोधता यावं म्हणून सगळं लिहिलं आहे: कोणतं घर राहिलं, तो तिथे किती दिवस होता, आईनं मला काय सांगितलं. ते पाकीट उद्या पोस्टात जाईल. हे पत्र कुठे जाणार नाही.

चिठ्ठीत मी लिहिलं आहे की ते घर नजरचुकीनं राहिलं. तुम्हाला लिहिताना मला तसं म्हणता येत नाही. आपल्या दुसऱ्या पत्त्यापुढे तुम्ही 'बायको गेल्यावर, पुन्हा' असं लिहून खाली दोनदा रेघ ओढली होतीत. टाइप करताना मी ते वाचलं होतं.