खालचा ड्रॉवर

१२ मे, मंगळवार

निकाल लागला! शेवटच्या सत्राचा. म्हणजे आमचे हाल सुरू. साडेदहापासून परीक्षा विभागाच्या खिडकीशी रांग, डोक्यावरचा पंखा बंद, आणि प्रत्येकाचं एकच — "मॅडम, माझ्या निकालात चूक आहे." चूक नसते. क्रेडिट म्हणजे काय, ग्रेड कशी लागते, हे तीन वर्षांत कोणी विचारत नाही. निकालाच्या दिवशी मात्र सगळी एकदम कायदेपंडित!

पन्नासेक जणांना समजावलं. घसा बसला.

त्यात गव्हाणची एक मुलगी, निशा. वडिलांना घेऊन आलेली. सगळे विषय पास, ग्रेड चांगल्या, एकाच विषयात एफ — परीक्षेला गैरहजर. तो विषय तिनं जास्तीचा घेतला होता. म्हणते, "मी तो सोडला होता मॅडम. फॉर्म दिला होता." विषय सोडायची मुदत होती सात फेब्रुवारी. मुदतीत अर्ज आला तर ग्रेडच्या जागी नुसता डब्ल्यू पडतो, काही बिघडत नाही. अर्ज नाही तर गैरहजर, गैरहजर म्हणजे एफ, आणि एफ आहे तोवर पदवी नाही. फेरपरीक्षा थेट नोव्हेंबरात.

आवक रजिस्टर उघडून तिच्यासमोर धरलं. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर असतो, तारीख असते. तिचं नाव कुठेच नाही. "रजिस्टरमध्ये नाही म्हणजे अर्ज आलाच नाही," म्हटलं. वडील चपला दाराबाहेर काढून उभे होते. ऑफिसात कोण चपला काढतं!

सगळेच म्हणतात, फॉर्म दिला होता.

१३ मे

डोळा चुरचुरतो. फेब्रुवारीत मोतीबिंदू काढला तोच. काही लिहवत नाही.

१५ मे, शुक्रवार

दिवे लावायच्या आधी लिहून घेते. मग उद्या संध्याकाळपर्यंत वही बंद. नोकरीनं मला कधी शब्बाथचा शनिवार पाळू दिला नाही, वहीनं तरी पाळावा.

लेकीचा, ओर्लीचा फोन, इस्रायलमधल्या अश्दोदहून. "मम्मी, तीस जूनला रिटायर होतेस ना? जुलैचं तिकीट काढते." काढ म्हटलं. त्याआधी सुकापूरच्या ह्या घरात एक मलिदा करायचा. गोड पोहे, खोबरं, फळं, आपली चार माणसं. एकतीस वर्षं आमच्या पैगंबरानं, एलियाहू हनाबीनं, निभावून नेलं, आभार नकोत मानायला? "एकतीस वर्षांत माझ्या खिडकीवरून एकही पोर रडत परत गेलं नाही," मी म्हटलं. ती म्हणाली, "झालं, सुरू झालीस!"

निशा आज परत आली, एकटी. विमानतळाच्या बाजूला कुठल्याशा माल हाताळणाऱ्या कंपनीत तिला नोकरी लागलीय. पंधरा जूनच्या आत पदवी झाल्याचा कागद द्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. घराण्यातली पहिली पदवी. रडली नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "फॉर्म तुमच्याच हातात दिला मॅडम. तुमी बोल्लात, ठेवून जा बेटा, बघते."

मी म्हटलं, मला आठवत नाही. खरंच आठवत नव्हतं. पण 'ठेवून जा बेटा, बघते' हे वाक्य माझं आहे. ह्या कॉलेजात दुसरं कोणी तसं बोलत नाही.

१८ मे, सोमवार

सापडला.

काखेत कळसा! माझ्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. जुने हॉल तिकिटांचे गठ्ठे, त्याखाली.

नियम असा आहे की अर्ज अपुरा असेल तर त्रुटीचा शिक्का मारायचा, रजिस्टरला नोंदवायचा आणि पोराच्या हातात परत द्यायचा. मला ते कधी जमलं नाही. उरणच्या रस्त्यावरून दोन वाहनं बदलून आलेल्या पोराला एका सहीसाठी तोंडावर परत पाठवायचं? मी ठेवून घेते. खालच्या ड्रॉवरमध्ये. सवडीनं फोन करते — ये रे, सही राहिलीय. नोंद अर्ज पुरा झाल्यावरच. माझ्या आधी त्या खुर्चीवर बसणारे प्रत्येकावर खेकसायचे, तेव्हाच ठरवलं होतं, आपण असं करायचं नाही.

निशाच्या अर्जावर विभागप्रमुखांची सही नाही. बाकी सगळं आहे. कोपऱ्यात पेन्सिलनं, माझ्या अक्षरात — 'फोन करणे'.

केला नाही.

१९ मे

ह्याच वहीतलं फेब्रुवारीचं पान काढलं. उतरवून ठेवते, म्हणजे उद्या मलाच खोटं वाटायला नको.

'५ फेब्रुवारी. उद्या डोळ्याचं ऑपरेशन. रजा दोन आठवडे. विषय सोडणाऱ्यांची गर्दी. गव्हाणची निशा, एक सही राहिली, ठेवून घेतला. कृष्णकांत सर दिवसभर ओरडत होते. माणूस नाही, बिघडलेला मिक्सर आहे.'

म्हणजे मुदतीच्या दोन दिवस आधी तिनं अर्ज दिला होता. मी पट्टी बांधून घरी पडले, आणि ती विषय सुटला म्हणून निवांत राहिली. परत आले तेव्हा टेबलावर दोन आठवड्यांचं काम. खालचा ड्रॉवर मी उघडलाच नाही.

कोणाला सांगितलं नाही आज.

२० मे

आजही नाही.

२१ मे, गुरुवार

निशाचे वडील, काशीरामभाऊ, दुपारी आले. पिशवीत कैऱ्या. "पोरीला नका सांगू मी आलो व्हतो. ती बोलते, म्याडमना तरास देऊ नका. पन तुमी लय चांगल्या हाव, तुमीच कायतरी कराल." मी नको नको म्हणत होते, ते पिशवी खिडकीत ठेवून निघाले. पुन्हा चपला बाहेर.

कैऱ्या ऑफिसातच ठेवल्या. घरी आणायचं धाडस झालं नाही.

आता सुटका कशी करायची ते मला ठाऊक आहे. विसरलेल्या कागदाला रजिस्टरमध्ये 'अ' लावून जागा करायची, ही आमच्याकडची जुनी रीत. पाच फेब्रुवारीचा शेवटचा नंबर १४२. खाली दोन ओळी मोकळ्या. १४२-अ, निशाचं नाव, विषय सोडणे. विभागप्रमुख न वाचता सही करतात. दहा मिनिटांचं काम! मुलीला पदवी, मला तिकीट. कोणाचं काही जात नाही.

रजिस्टर उघडलं होतं. पेनचं टोपणही काढलं होतं.

मग डोळ्यासमोर आलं, ती खिडकीशी येईल आणि म्हणेल, "थँक्यू मॅडम." बाप अजून एक पिशवी आणेल. ते मला सोसणार नाही. टोपण लावलं.

मोठेपणा नाही हा. नुसती दमलेय मी. खोटं सांभाळायलाही अंगात जोर लागतो.

२५ मे, सोमवार

कृष्णकांत सरांना सांगितलं. परीक्षा नियंत्रक म्हणून शेवटी सही त्यांचीच. अर्ज टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. ओरडतील वाटलं. उठून दार लावलं आणि अगदी हळू म्हणाले, "हदासाबाई, एक महिना राहिलाय तुमचा. हात दाखवून अवलक्षण कशाला? अ टाका, विषय संपवा."

"नको सर."

"मग समितीपुढे न्यावं लागेल. तुम्हाला मेमो निघेल. चौकशी चालू आहे तोवर पेन्शनची फाईल हलणार नाही. आणि अर्ज मुदतीत आला होता ह्याला पुरावा काय? शिक्का नाही, नंबर नाही. नुसत्या तुमच्या शब्दावर?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण देववेना. पर्समध्ये ही वही होती. शेवटी पाच फेब्रुवारीचं पान उघडलं आणि त्यांच्यासमोर धरलं. पंचवीस वर्षांत कोणाला वही दाखवली नाही. गेलेल्या नवऱ्यालाही नाही!

त्यांनी वाचलं. परत वाचलं.

"मिक्सर?"

मी खाली बघितलं.

"बिघडलेला?"

"तेव्हा रागात होते सर."

वही मिटून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "ह्या पानाची झेरॉक्स काढा. ती ओळ झाकून. परवा सुट्टी आहे, गुरुवारी समिती घेतो."

झेरॉक्सवाल्यासमोर कागदाची पट्टी धरून ओळ झाकत होते तेव्हा हसू आलं. आठ दिवसांत पहिल्यांदा.

२६ मे

ओर्लीला सांगितलं. "मम्मी, तू वेडी आहेस का? एका सहीसाठी?" मग रडली. तिकीट रद्द कर म्हटलं. कधीचं काढायचं ते सांगता येत नाही.

२८ मे, गुरुवार

समिती झाली. पाऊण तास. निशाचा अर्ज मुदतीतला धरला. एफ काढून डब्ल्यू. सुधारित गुणपत्रिका सोमवारी. मला मेमो — 'कार्यालयीन पद्धतीचा भंग.' खरं आहे. शब्दही बरोबर आहेत.

बाहेर बाकावर निशा बसली होती. तिला मीच सांगायचं असं ठरवलं होतं. आमच्यात म्हणतात, ज्याचं बिघडवलं त्याच्याच दारात जाऊन माफी मागावी, देव मधे पडत नाही. तर सांगितलं. अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मी फोन करायला विसरले. तू खरं बोलत होतीस आणि मी तुला रजिस्टर दाखवत होते. मला माफ कर.

वाटलं होतं, म्हणेल, जाऊ दे मॅडम. काम तर झालं.

"तुमी तेवाच 'नाय' का नाय बोल्लात?" केवढ्यानं ओरडली! शिपाई बाळू वळून बघायला लागला. "दुसऱ्या दिवशी सही घेऊन आली असते मी. बाकीचे हाकलून देतात, पण कळतं तरी काय राहिलंय ते. तुमी गोड बोल्लात म्हणून मी निवांत बसले. घरात सगळे मलाच खोटी बोलत होते. माझा बापूस पण!"

तिनं डोळे पुसले आणि गेली.

एकतीस वर्षं जे माझं भलेपण समजत होते, ते तिनं दोन मिनिटांत उलटं करून दाखवलं. राग आला मला तिचा. खूप आला. घरी येईपर्यंत रिक्षात तिच्याशी मनात भांडत होते. जेवताना लक्षात आलं, तिच्या बोलण्यातला एकही शब्द खोडता येत नाही.

१ जून, सोमवार

निशा गुणपत्रिका घेऊन गेली. पोच म्हणून सही केली, तारीख घातली, वेळसुद्धा घातली. माझ्याकडे बघितलं नाही. दारापर्यंत जाऊन परत आली आणि म्हणाली, "पंधराच्या आत होतंय माझं. आज देऊन येते." बस्स.

पुरे आहे.

४ जून

सकाळी तळोज्याच्या कारखान्यांचा तो वास सुकापूरपर्यंत. खिडक्या लावून घेतल्या. एका पोराचा फेरतपासणीचा अर्ज आला, पावती जोडलेली नाही. जिभेवर आलेलं वाक्य गिळलं. शिक्का मारला, नोंद केली, परत दिला. "काय मॅडम, एवढ्यासाठी?" म्हणाला. तोंड पाडून गेला. तासाभरात पावती घेऊन हजर!

इतकं सोपं होतं.

७ जून, रविवार

ठरलं. मलिदा पुढच्या रविवारी. पेन्शन अडकू दे, तिकीट राहू दे. एक चूक झाली, ती निस्तरली. आभार मानायला हरकत नसावी. पोहे निवडून ठेवले. आज पाठ टेकताच झोप लागेल.

९ जून, मंगळवार

नवीन टेबल आलं. जुनं हलवायला बाळूनं खालचा ड्रॉवर ओढून पार बाहेरच काढला. ड्रॉवर भरला की वरचे कागद मागून खाली सरकतात, हे मला कधी कळलंच नाही. मागच्या पत्र्याशी अकरा अर्ज. सगळ्यात जुना सहा वर्षांपूर्वीचा. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं 'फोन करणे'. अकरांपैकी एकही पोर खिडकीशी भांडायला आलं नव्हतं.

पहिल्या अर्जावरचा फोन नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणे.