नमुन्याची काच

धाकटे, तुला थोरलीचे भरभरून आशीर्वाद, आणि तुझ्या सुनेलाही, कारण वाचणार तीच. (आपण दोघी अक्षरशत्रू, त्यामुळे आपलं गुपित नेहमी चौघींत असतं.) तुझा गुडघा काय म्हणतो? माझा बोलायचा थांबलाय, आता नुसता कण्हतो. लिहून घेते आहे माझी नात. अक्षर वाकडं आलं तर रागावू नकोस, चार दिवस ती धड झोपलेली नाही.

तिची नोकरी तुला सांगायला हवी. लेसर म्हणजे धार लावलेला उजेड. तो वळवायला आरसे लागतात, आणि त्या आरशांवर केसाहून पातळ लेप एकावर एक चढवतात. तो लेप किती सोसतो, ते नात मोजते. काचेवर एका जागी उजेड मारायचा, मोठं दाखवणाऱ्या यंत्रातून डाग पडला का बघायचा, नसेल तर शेजारच्या कोऱ्या जागी जास्त जोराने मारायचा. असं जळेपर्यंत. जळली की तो आकडा लिहायचा. (सासवांनी हे शास्त्र कधीच शोधलं होतं, फक्त आकडे लिहीत नसत.) सगळेच आरसे जाळून कसं चालेल? म्हणून लेपाच्या प्रत्येक घाण्यात एक जादा काच टाकतात, नमुन्याची. शितावरून भाताची परीक्षा.

लेप चढवणाऱ्या गृहस्थांना तिथे सगळे रंगारी म्हणतात. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. गेल्या आठवड्यात घरच्यांना काम दाखवायचा दिवस होता, तेव्हा त्यांनी मला आपली खुर्ची दिली, उशीसकट. नातीने नमुन्याची काच साफ करून बसवली आणि माझ्यासाठी काळा चष्मा आणायला गेली. बघते तर काचेवर एक कण! एवढी शिकलेली पोर, आणि साधी काच पुसता येत नाही. मी तोंडाची वाफ दिली आणि पदराने लख्ख पुसली. मग नात आली, उजेड मारला, आणि काच अर्ध्या जोरालाच जळली. दुसऱ्या जागी तेच, तिसऱ्या जागी तेच. वर मी मेली म्हणाले, "हल्लीच्या वस्तूंत दमच नाही." रंगारी शेजारीच उभे होते.

त्या घाण्यातले साठही आरसे बाद झाले. दोष लेपाचा, असं नातीने लिहून दिलं. रंगाऱ्यांना सोमवारपासून घरी बसवणार आहेत. काल त्यांनी ती उशी पिशवीत घालून नेली, हे नातीनेच जेवताना सांगितलं, आणि म्हणाली, काचेवर कापडाचा धागा किंवा तेलकटपणा राहिला तरी अशीच जळते, पण मी तर नीट साफ केली होती. तिच्या तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून धाकटे, तुला सांगते. पदर माझा होता.

(हे ऐकून नातीने पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं.) ती म्हणते, उजेड मारण्याआधी यंत्रातून एकदा काच बघायची असते, ते मला दाखवायच्या घाईत राहून गेलं. म्हणजे खरं सांगितलं तर रंगारी सुटतात आणि ही अडकते. हिची नोकरी अजून कच्ची आहे. मी म्हटलं, बाई, तू ठरव.

ता. क. : खरं काम पुढेच आहे. पत्र पोचलं की फोन कर आणि सुनेला पहिल्यापासून वाचायला सांग. ही मान खाली घालून भराभर लिहिते आहे, काय लिहिते देव जाणे. पदराचं त्यात आहे का, तेवढं मला ऐकायचंय.

ता. क. : मावशीआजी, हे माझं, आजीला न विचारता. पदराचं लिहिलंय, एक शब्द गाळलेला नाही. पाकिटात घालण्याआधी हेच पत्र साहेबांना दाखवायला निघाले आहे. आजीला वाटतंय, तिकीट आणायला चालले. नोकरी गेली तर ते तिला फोनवर तुम्हीच सांगा. तिच्या तोंडावर माझ्याच्याने सांगवणार नाही.