सोडलेला डाव

अण्णा,

तुम्ही मला हरायला शिकवलंत आणि मी ते तुमच्या अपेक्षेपेक्षा चांगलं शिकलो. राग नाही, असं लिहिणार होतो. पण आहे, या वयातही आहे, आणि तो कोणावर काढावा हे कळत नाही.

उस्मानाबादेत अफसरांच्या क्लबात तालुकदारसाहेबांना, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांना, टेनिससाठी चौथा गडी मिळेना, म्हणून त्यांच्यापुढं कागद वाचणाऱ्या पेशकाराच्या, म्हणजे तुमच्या, मुलाला बोलावणं आलं. मला कोणी शिकवलं नव्हतं, हातच तसा होता. थोड्याच दिवसांत मी साहेबांना एकास एक खेळून हरवलं. टाळ्या पडल्या, घरी आईनं हातावर गूळ ठेवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही कचेरीतून आलात ते कोट न काढताच चुलीपुढं बसलात. भाकरी तोडलीत आणि तव्याकडं बघत म्हणालात, "काल तू जिंकलास. आज मला दिवसभर उभं ठेवलं त्यांनी." आई भाकरी थापायची थांबली. एकेक कागद पुन्हा पुन्हा वाचायला लावला, पण बस म्हणाले नाहीत, एवढंच तुम्ही तिला सांगितलंत. मग हात धुऊन मला शिकवायला बसलात. डाव बरोबरीपर्यंत न्यायचा, मग सोडायचा. सोडलेलं दिसता कामा नये, कारण साहेब काही खुळे नव्हते. शेवटी हसून "बहोत खूब, सरकार" म्हणायचं, हेही तुम्हीच पढवलंत.

मुद्दाम चेंडू जाळ्यात मारला की माझ्या चेहऱ्यावर दिसायचं. म्हणून मी माझी युक्ती काढली. ऐन वेळेला मन बाजूला काढून ठेवायचं, देवळाबाहेर चपला काढतात तसं. लिंबावरच्या घारीकडं बघायचं आणि हात सैल सोडायचा. साहेब खूश झाले, तुम्हाला पुन्हा बसायला मिळालं. दिवाळीला तुम्ही मला नवी रॅकेट आणलीत. ती घेताना मला इतकं वाईट का वाटलं, हे तेव्हा समजलं नाही.

मग गुलबर्ग्याचे सामने आले. जिंकणाऱ्याला खेळासाठी हैदराबादच्या कॉलेजात घेणार होते, खाण्याराहण्यासकट. मला दुसरं काही नको होतं. तुम्ही रजा काढून सोबत आलात, मैदानाच्या कडेला माझा सदरा झटकून म्हणालात, "आज सोडू नको. इथं आपला कोणी साहेब न्हाय." मी सोडत नव्हतोच. समोरचा माझ्याच वयाचा पोरगा, पार थकलेला. एक चेंडू मारला की संपलं, अशी वेळ आली, आणि तो चेंडूही असा अलगद आला की आईनंसुद्धा लाटण्यानं परतवला असता. मी उभा आहे. चेंडू माझ्याजवळून जातो आणि मी उभाच आहे. लोक हसले तेव्हा भानावर आलो. त्यानंतर ऐन मोक्याला तसंच होत गेलं. शेवटी जाळ्यापाशी हात मिळवताना माझ्या तोंडून निघालं, "बहोत खूब, सरकार." तो पोरगा चमकून माझ्याकडं बघायला लागला. तुम्ही ऐकलंत, मला माहीत आहे. घरी आईनं विचारलं तर "गाफील राहिला," एवढंच बोललात.

पोलीस ॲक्शन झाली, जुनं राज्य संपलं, साहेब गेले, तुमची नोकरी गेली आणि छातीचं दुखणं मागं लागलं. क्लबात नवे अधिकारी आले. ते मोकळे होते, जोरात खेळ म्हणायचे. तुम्ही घोंगडी पांघरून बघायला आलात आणि मी पुन्हा त्याच जागी येऊन हरलो. परतताना माझ्या खांद्यावर हात टाकून तुम्ही विचारलंत, "आता तर ते राज्यबी गेलं. अजून कोणासाठी हरतोस रे?" डोळ्यांवर ऊन आलं होतं, असं मी म्हणालो. आभाळ तर सकाळपासून भरलेलं होतं.

रॅकेट मी कधीच देऊन टाकली, पण ते गेलं नाही. मुलाखतीत होतं, माझी मुलं बोलत असतात तेव्हा होतं. नेमकी गरज असते त्या क्षणी मी नसतो. वैद्याला काय सांगणार? आता बरं होईल अशी आशाही उरलेली नाही.

हा कागद टपालाच्या पेटीत टाकायचा नाही, म्हणूनच पुढचं लिहितो. तुमच्या शेवटच्या दुपारी आई शेजारी गेली होती. तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं, माझ्या हातात पाण्याचा चमचा होता. मी कुठं गेलो, सांगता येत नाही. आई आली, तिनं हंबरडा फोडला, तेव्हा मला चमचा दिसला. पाणी तसंच होतं. लोक म्हणाले, भाग्यवान, लेकाच्या मांडीवर गेले. तुम्ही पाणी मागितलंत का, काही म्हणालात का, मला ठाऊक नाही, अण्णा. आईला मात्र मी सांगितलं की तुम्ही घोटभर प्यालात.