टेरेन्सला पुन्हा जिवंत करू नये म्हणून

मी, लॅरॉन प्रुइट, वय सव्वीस, मूळ राहणार ईस्ट बाल्टिमोर, सध्या अलास्कात जहाजावर माशांची मुंडकी छाटायच्या कामाला, धंद्याने कादंबरीकार, शिक्षण नववी नापास, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. परवा शेजारच्या जहाजावर दोर तुटला आणि एक माणूस पाण्यात गेला. तेव्हा मुकादम म्हणाला, "ज्याला काही लिहून ठेवायचंय त्याने ठेवा." म्हणून ठेवतो.

कलम एक. माझं घडीचं टेबल आणि मोठी छत्री बहीण योलांडाला. याच टेबलावर मी आणि थोरला भाऊ टेरेन्स फुटपाथवर माझं पहिलं पुस्तक विकायचो. टेरेन्स ओरडायचा, "ओ मावशी, पळता कुठं? तुमच्याच गल्लीची भानगड आहे यात!" मावशी हसत परत यायच्या. योलांडा, टेबल तुझ्या सलूनमध्ये लाव, पण त्यावर नेलपॉलिश मांडशील तर याद राख.

कलम दोन. लायब्ररीतल्या बाईंना काही नाही. माझी पुस्तकं चोरीला जातात म्हणून त्यांनी कुलपात ठेवली. बाई, चोरून का होईना, पोरं वाचत होती!

कलम तीन. प्रकाशक रॉडनी बिग्ज याला माझ्या मालकीतली टाचणीसुद्धा मिळू नये.

कारण लिहितो. टेरेन्सला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर गोळी घालून मारलं. मी दुसरं पुस्तक त्याच्यावर लिहिलं, नायकाचं नाव 'टी'. शेवटच्या पानावर टी मरतो. बिग्जने ते छापलं. कव्हरवर स्वतःचं नाव हाताएवढं, माझं मुंगीएवढं, आणि मधे पिस्तूल धरलेली अर्धी उघडी पोरगी, जी माझ्या पुस्तकात कुठेच नाही. तेही गिळलं. पुस्तक खपलं तसा म्हणाला, "आता भाग दोन दे."

"टी मेलाय," मी म्हणालो.

"अरे राजा, आपल्या धंद्यात खपणारा हिरो मरत नसतो. गोळी खांद्यातून गेली म्हण, झालं."

"ती कुठून गेली ते मी पाहिलंय, बिग्ज."

"करार वाच. तुझं नाव माझं, टी माझा. तू नाही लिहिलंस तर दुसरा लिहील."

लिहिलाच दुसऱ्याने, माझ्या नावावर. टी मायामीहून पांढऱ्या गाडीतून परत येतो. आईने तो भाग योलांडाच्या सलूनमध्ये ड्रायरखाली बसून वाचला आणि मला फोन केला. "लॅरॉन, तुझ्या पुस्तकात येतो तो. मग माझ्या दारात का येत नाही रे?" आता ऐकतो, भाग तीनमध्ये बिग्ज टेरेन्सचं लग्न लावतोय.

कलम चार. म्हणून खरा तिसरा भाग मी इथे माझ्या झोपायच्या बंकवर बसून लिहिला. त्यात फक्त टेरेन्सची मयत आहे. तो योलांडाला. मी गेलो तर लग्नाचा भाग बाजारात यायच्या आत याच्या कॉप्या काढ आणि फुकट वाट. सलूनमध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर, बसस्टॉपवर. बिग्ज कराराची धमकी देईल. त्याला सांग, समन्स समुद्राच्या तळाशी पाठव. जेलमध्ये सुटी पानं आत घेत नाहीत, तेव्हा आत असलेल्या टेरेन्सच्या दोस्ताला, ड्वेनला, फोनवर वाचून दाखव. कॉल तुटला की पुढच्या कॉलला तिथूनच सुरू कर. जेवणाच्या रांगेत तो अख्ख्या बराकीला सांगेल, आणि बराकीतून शहराला कळेल की टी मेलाय.

आईला मात्र समोर बसवून वाच. ती मधेच "पुरे" म्हणेल, तुझा हात धरेल. थांबू नकोस. शवपेटीचं झाकण लागेपर्यंत वाच.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, एक अक्षर बदलायचं नाही.

सही: लॅरॉन प्रुइट

साक्षीदार:
१. रेनातो मगबानुआ, जहाजाचा आचारी
२. तावीता लेआलाओ, मुकादम

डच हार्बर, अलास्का
१९ जानेवारी २०११